ऑईल सील बदलण्यापूर्वी : इंजिनाच्या पृष्ठभागांची स्वच्छता

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की गोव्यातील खाजणांपासून बेळगाव भागातील भातमळ्यांपर्यंत सर्वत्र नांगरणी-चिखलणीची एकच लगबग सुरू होते. एके काळी ही सारी लगबग बैलजोडीच्या भरवशावर चाले. आज ती बव्हंशी पॉवर टिलर, ट्रॅक्टर आणि पाणी उपसणारी इंजिने यांच्या भरवशावर चालते. बैल आजारी पडला, तर शेजाऱ्याची जोडी एखाद्या दिवसापुरती उसनी मिळत असे. ऐन चिखलणीत इंजिन अडून बसले, तर शेजाऱ्याचे इंजिनही त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या शेतात गुंतलेले असते. तरवा वाढत राहतो, पाऊस कोणासाठी थांबत नाही आणि चार दिवसांचा खोळंबा पुढे साऱ्या हंगामाला भोवतो.

अशा खोळंब्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण दिसावयास अगदी क्षुल्लक असते. इंजिनाच्या पुलीमागून किंवा फ्लायव्हीलच्या बाजूने तेलाचा एखादा थेंब ओघळताना दिसतो. मिस्त्री येतो, ‘ऑईल सील गेले’ असे निदान करतो आणि नवे सील बसवून जातो. आठ-दहा दिवसांत तेल पुन्हा ओघळू लागते. मग दुकानदाराने माल हलका दिला अशी तक्रार होते, दुसरे सील येते आणि तेही टिकत नाही. वस्तुतः पुष्कळ प्रसंगी दोष सीलचा नसतो. ते ज्या पृष्ठभागावर बसविले, तो पृष्ठभाग नीट स्वच्छ केलेला नसतो. नवे सील बसविण्यास थोडाच वेळ लागतो. परंतु त्याआधी करावयाच्या स्वच्छतेस अर्धा दिवस लागला, तरी तो वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. ही स्वच्छता कशासाठी, कशी आणि कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती पुढे दिली आहे.

थेंबाचा हिशेब

गळणाऱ्या तेलाकडे दुर्लक्ष होते, कारण थेंब लहान असतो. परंतु त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. साधारणपणे वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि मिनिटाला दहा थेंब गळतात असे मानले, तर तासाला 600 थेंब, म्हणजे 30 मिलिलिटर तेल जाते. आठ तासांच्या कामात हा आकडा 240 मिलिलिटरवर, म्हणजे जवळजवळ पाव लिटरवर जातो. लहान एकसिलिंडरी डिझेल इंजिनात एकूण वंगण तेल दोन-तीन लिटरच्या आसपास असते. तेव्हा रोज तेलाची पातळी पाहण्याची सवय नसेल, तर आठवड्याभरातच इंजिन धोक्याच्या सीमेवर येते. तेल कमी पडले की बेअरिंगे तापतात, घासतात आणि अखेर धरून बसतात. किरकोळ किमतीच्या सीलकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने क्रँकशाफ्टच्या मोठ्या खर्चापर्यंत जाऊन पोचते.

हानी एवढ्यावरच थांबत नाही. पुलीच्या बाजूने गळणारे तेल पट्ट्यावर उडाले, की पट्टा घसरू लागतो आणि फुगून लवकर निकामी होतो. ट्रॅक्टरमध्ये फ्लायव्हीलच्या बाजूने गळणारे तेल क्लच प्लेटवर गेले, की क्लच घसरतो. इंजिन गर्जत राहते, पण नांगर पुढे सरकत नाही. विहिरीच्या काठावर बसविलेल्या इंजिनाचे तेल झिरपत पाण्यापर्यंत गेले, तर त्या पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि ते पिण्यास अयोग्य ठरते. थेंब इंजिनाचा असला, तरी त्याचा परिणाम शेत, पाणी आणि आरोग्य या तिन्हींवर होतो.

ऑईल सील म्हणजे काय?

इंजिनात पिस्टन खाली-वर हलतो. त्याच्या या हालचालीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा जो वाकडा दांडा असतो, तो क्रँकशाफ्ट होय. ज्या बंदिस्त पेटीत तो फिरतो, तिला क्रँककेस म्हणतात. या पेटीत वंगण तेल असते. क्रँकशाफ्टची दोन्ही टोके मात्र पेटीबाहेर यावी लागतात. एका टोकावर पुली बसते, तर दुसऱ्यावर फ्लायव्हील. जेथून ही टोके बाहेर येतात, तेथे भोक ठेवणे भाग असते, आणि जेथे भोक तेथे तेल बाहेर येणारच. शाफ्ट फिरत राहिला पाहिजे, पण तेल बाहेर येता कामा नये आणि बाहेरची धूळ किंवा पाणी आत जाता कामा नये, असे हे दुहेरी काम ऑईल सीलकडे असते.

पूर्वीच्या काळी या कामासाठी नमदा, दोरखंडासारखे पॅकिंग किंवा चामड्याच्या चकत्या वापरीत असत. 1930च्या दशकात जर्मनीत तेलाला टिकणारे नायट्राइल जातीचे कृत्रिम रबर तयार होऊ लागले आणि पुढे या कामी रबराचा वापर सर्वत्र रूढ झाला. आजच्या साध्या सीलमध्ये तीन भाग असतात. बाहेरचे पत्र्याचे कडे सीलला आकार देते व घरात घट्ट बसविते. कधी हे कडे उघडे असते, तर कधी त्यावर रबराचा थर असतो. आतल्या बाजूस रबराचा निमुळता ओठ असतो आणि त्या ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरणारी एक बारीक, गोल स्प्रिंग असते. काही सीलांना बाहेरच्या बाजूस आणखी एक लहान ओठ असतो. तो धूळ अडवितो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चालू इंजिनात हा ओठ शाफ्टला कोरडा घासत नसतो. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो आणि ओठ त्या थरावर तरंगत असतो. हा थर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. तो नाहीसा झाला, तर ओठ जळून कडक होतो. तो जाड झाला, तर तेल गळू लागते. सीलचे सारे यश या अदृश्य थरावर अवलंबून आहे.

एका कणाचा प्रवास

स्वच्छतेचे महत्त्व समजण्यासाठी थोडे गणित उपयोगी पडेल. शाफ्टचा व्यास 50 मिलिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे 157 मिलिमीटर भरतो. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर सीलच्या ओठाखालून मिनिटाला 314 मीटर पृष्ठभाग सरकतो. तासाला हे अंतर सुमारे 19 किलोमीटर होते आणि आठ तासांत ते 150 किलोमीटर भरते. चोर्ला घाटमार्गे पणजीहून बेळगाव गाठण्यास जेवढा रस्ता तुडवावा लागतो, त्याहून हे अंतर कमी नाही.

आता कल्पना करावी, की सील बसविताना ओठाखाली वाळूचा एक बारीक कण राहिला. माणसाच्या केसाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटरहून कमी असते. त्या केसाएवढा कणदेखील तेलाच्या थराच्या मानाने पर्वतप्राय ठरतो. तो ओठ उचलून धरतो आणि त्या फटीतून तेल बाहेर येते. शिवाय तो रबरात रुतून बसला, तर दिवसाकाठी 150 किलोमीटर शाफ्टला ओरबाडीत राहतो. पोलादावर चर पडतो. पुढे कण निघून गेला, तरी चर तसाच राहतो. त्यानंतर कितीही उत्तम सील आणले, तरी त्याच चरातून तेल वाट काढते.

खाजणातील शेतकऱ्यास हे तत्त्व नवे नाही. बांधाला बसविलेल्या मानशीच्या फळ्या कितीही चांगल्या लाकडाच्या असल्या, तरी फळी आणि चौकट यांच्यामध्ये एखादी काटकी अडकली, तर भरतीचे खारे पाणी आत शिरतेच. तेथे फळी बदलून उपयोग नसतो; काटकी काढावी लागते. सीलचेही तसेच आहे.

दोष सीलचाच आहे ना?

सील बदलण्यास हात घालण्यापूर्वी गळती नेमकी कोठून होते, हे निश्चित करावे. तेल वरून ओघळत खाली येते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे थेंब जेथे दिसतो, तेथेच दोष असतो असे नाही. वरच्या झाकणाचे पॅकिंग, तेलाच्या नळीचा सांधा किंवा तेल सोडण्याचा बोल्ट यांपैकी कोठूनही तेल येत असू शकते. म्हणून इंजिन थंड असताना बाहेरून स्वच्छ पुसून घ्यावे, नंतर थोडा वेळ चालवून बंद करावे आणि पहिला ओलावा कोठे उमटतो ते पाहावे.

ट्रॅक्टरच्या क्लचघराच्या तळाशी असलेल्या छिद्रातून तेल गळत असेल, तर ते इंजिनाचे की गिअरबॉक्सचे, हे ओळखावे. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे व पातळ असते. गिअरचे तेल तुलनेने दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो.

आणखी एक कारण पुष्कळदा नजरेतून सुटते. पिस्टनच्या कडांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये सतत उतरत असतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची वाट ठेवलेली असते. ही वाट धूळ-तेलाच्या काल्याने बुजली, तर आत दाब वाढतो आणि तो दाब सीलच्या ओठावाटे तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी नवे सीलही गळणारच. म्हणून ब्रीदर साफ करणे हा या कामाचा अविभाज्य भाग समजावा.

पहिला टप्पा : बाहेरचा चिखल

शेतीच्या इंजिनावर माती आणि तेल यांचे कडक पुट चढलेले असते. खाजणात काम करणाऱ्या यंत्रावर त्यात मिठाचा अंश असतो, तर डोंगराळ भागात तांबड्या मातीची बारीक धूळ असते. हे पुट तसेच ठेवून सील उपसले, तर त्यातील ढेकळे उघड्या भोकातून थेट बेअरिंगांत जातात. म्हणून सील काढण्याच्या आधीच सभोवतालचा भाग स्वच्छ झाला पाहिजे.

प्रथम इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरी असल्यास तिची तार सोडावी. हवा ओढण्याचे तोंड, ब्रीदर, तेलपट्टीचे भोक व विजेची जोडणी ही सर्व प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून घ्यावीत. जाड थर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. उरलेला भाग डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडविलेल्या ब्रशाने वरून खाली या क्रमाने धुवावा. खालून सुरुवात केल्यास वरची घाण पुन्हा स्वच्छ भागावर येते. जोराच्या पाण्याचा झोत सीलच्या जागी मारू नये. त्याने ओठामागे पाणी व वाळू शिरते. धुण्यासाठी पेट्रोल कदापि वापरू नये. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते.

खाली उथळ पत्र्याचे भांडे ठेवून धुतलेले मळके डिझेल त्यात गोळा करावे. जागा निवडतानाही विचार करावा. वाऱ्यावर धूळ उडत असेल, शेजारी भात मळले जात असेल किंवा ग्राइंडर चालू असेल, तर तेथे इंजिन उघडू नये.

दुसरा टप्पा : जुने सील काढताना

पुली काढण्यासाठी पुलर वापरावा. हातोडीचे घाव घातल्यास पुलीला तडा जातो आणि शाफ्टच्या टोकाला इजा होते. पुली निघाल्यावर दिसणारा भाग पुन्हा एकदा पुसावा. जुने सील काढण्याआधी दोन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात : सील घराच्या कडेपासून किती आत बसले आहे, आणि त्याची कोणती बाजू बाहेर आहे. सामान्यतः स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत असते. पट्टीने मोजून आकडा कागदावर लिहिला, तर पुढे अंदाजाने काम करावे लागत नाही.

सील उपसताना सर्वांत मोठी चूक घडते ती पेचकसाची. घाईघाईने पेचकस आत खुपसून शाफ्टचाच टेकू घेतला जातो आणि पोलादावर ओरखडा उमटतो. एका क्षणाचा हा ओरखडा इंजिनाच्या उरलेल्या आयुष्यात तेल गाळीत राहतो. योग्य आकड्याचे हत्यार वापरावे. ते नसेल, तर पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून, शाफ्टवर पातळ पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे संरक्षण ठेवून, सील सगळ्या बाजूंनी थोडे थोडे उचलावे. हत्याराचा टेकू शाफ्टवर किंवा घराच्या आतल्या कडेवर येऊ देऊ नये.

सील निघताच आतली फट उघडी पडते. तेथे धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाची पट्टी हलकेच बसवावी, म्हणजे पुढील साफसफाईतील कचरा आत जाणार नाही. या पट्टीचे एक टोक बाहेर लोंबत ठेवावे. पट्टी आत विसरली गेल्यास ती कचऱ्याहूनही घातक ठरते.

निघालेले सील फेकून देण्यापूर्वी नीट पाहावे. त्याचा ओठ कडक होऊन तडकला असेल, तर उष्णता किंवा वय हे कारण समजावे. ओठ एकाच बाजूला झिजला असेल, तर सील तिरपे बसले होते किंवा बेअरिंग झिजल्यामुळे शाफ्ट हलत आहे. स्प्रिंग निसटली असेल, तर ते बसवितानाच चुकले होते. बेअरिंग झिजले असल्यास केवळ सील बदलून गळती थांबणार नाही.

तिसरा टप्पा : सीलचे घर

सील ज्या गोल खोबणीत बसते, त्या घरात जुन्या सीलंटचे तुकडे, रबराचे अवशेष, रंग किंवा गंज राहिलेला असतो. त्यावरच नवे सील ठोकले, तर ते तिरपे बसते किंवा त्याच्या बाहेरच्या कडेने तेल झिरपते. पुष्कळ इंजिनांचे हे घर ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने पोलादी छिन्नीने किंवा कानशीने खरवडल्यास त्यावर खाचा पडतात. म्हणून प्लॅस्टिकची, लाकडाची किंवा बांबूची घासून धार काढलेली पट्टी वापरावी. चिवट सीलंट गॅसकेट काढण्याच्या द्रावणाने मऊ करून घ्यावे. ते द्रावण रबर आणि रंग यांवर पडू देऊ नये.

विजेच्या ड्रिलवर घासणारी चकती लावून हे काम पाच मिनिटांत उरकण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्या चकतीतून सुटणारे घर्षक कण पिठासारखे बारीक व अत्यंत कठीण असतात. ते तेलात मिसळले, की बेअरिंगांच्या मऊ धातूत रुतून शाफ्टला खातात. सील बदलले, गळती थांबली, पण काही दिवसांतच बेअरिंगे गेली, असा विपरीत प्रकार यातून घडतो.

घर स्वच्छ झाल्यावर त्याच्या कडेवरून बोट फिरवावे. कोठे उंचवटा लागल्यास तो फार बारीक पॉलिश पेपरने हातानेच घालवावा आणि तो भाग पुन्हा पुसावा. कडेवर उंचवटा राहिल्यास तो सीलचे बाहेरचे रबर सोलून काढतो.

चौथा टप्पा : शाफ्टचा पृष्ठभाग

शाफ्टवर जेथे ओठ टेकतो, तो पट्टा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रथम तो डिझेलने ओल्या केलेल्या कापडाने आणि नंतर कोरड्या कापडाने पुसावा. मग उजेडात नीट पाहावे आणि नख आडवे फिरवावे. केवळ चमकदार रेघ दिसते, पण नखाला काही लागत नाही, तर चिंता नाही. नख अडकत असेल, तर तेथे चर पडला आहे असे समजावे.

गंजाचे हलके डाग किंवा जळलेल्या तेलाचा थर असल्यास 400 ते 600 क्रमांकाच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी तेलात भिजवून शाफ्टभोवती फिरवावी. ती परिघाच्या दिशेनेच फिरली पाहिजे. शाफ्टच्या लांबीच्या दिशेने किंवा तिरके घासले, तर बारीक रेघांची मळसूत्री उमटते आणि फिरणारा शाफ्ट त्या मळसूत्रावाटे पंपासारखे तेल बाहेर ओढतो. पृष्ठभाग आरशासारखा करण्याचाही हट्ट धरू नये. तेलाचा थर धरून ठेवण्यास अगदी सूक्ष्म खरखरीतपणा आवश्यक असतो.

चर पडला असेल, तर तीन मार्ग आहेत. घरात जागा असेल आणि इंजिनाच्या पुस्तिकेची मुभा असेल, तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या पट्ट्यावर आणता येतो. दुसरा मार्ग म्हणजे शाफ्टवर पोलादाची अतिशय पातळ नळी चढविणे. अशा दुरुस्तीच्या नळ्या निरनिराळ्या मापांत मिळतात. तिसरा मार्ग शाफ्ट कारखान्यात नेऊन पृष्ठभाग दुरुस्त करून घेण्याचा. यांपैकी काहीही न करता चरावरच नवे सील बसविणे म्हणजे पैसे आणि श्रम वाया घालविणे होय.

पुलीच्या चावीची खाच हीही दुर्लक्षित जागा आहे. खाचेच्या धारदार कडा सील सरकविताना त्याचा ओठ कापतात. त्या बारीक कानशीने मोडून घ्याव्यात आणि निघालेला कीस पूर्णपणे पुसून काढावा. ओठ जर पुलीच्या नळीवर टेकत असेल, तर वरील सर्व तपासणी पुलीचीही करावी.

शेवटचा हात आणि नवे सील

घासण्याचे काम संपल्यावर कण काढण्याचे काम सुरू होते. कारखान्यात मिळणारे कॉटन वेस्ट येथे वापरू नये, कारण त्याचे धागे सुटतात. ओठाखाली अडकलेला एक धागा वातीप्रमाणे तेल बाहेर ओढीत राहतो. पुष्कळदा धुतलेले जुने सुती धोतर किंवा तत्सम तलम कापड चांगले. डिझेल व रॉकेल पुसल्यानंतरही पातळ तेलकट थर मागे ठेवतात. जेथे सीलंट लावावयाचे असेल, तेथे तो थर चालत नाही. तेथे शेवटचा हात ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल यांसारख्या लवकर उडून जाणाऱ्या द्रवाने द्यावा. कोरे पांढरे कापड फिरविल्यावर त्यावर डाग उमटला नाही, म्हणजे स्वच्छता पुरी झाली. आता फटीत ठेवलेली पट्टी सावकाश काढावी. हातही साबणाने धुऊन कोरडे करावेत.

नवे सील या क्षणापर्यंत वेष्टनातच ठेवावे. मेजावर उघडे ठेवलेले सील धूळ गोळा करते. त्यावरील मापे जुन्या सीलशी ताडून पाहावीत. बाहेरचे कडे उघड्या पत्र्याचे असेल, तर त्यावर सीलंटचा अगदी पातळ हात द्यावा; रबराचा थर असल्यास सामान्यतः त्याची आवश्यकता नसते. साध्या रबरी ओठाला स्वच्छ इंजिन तेल लावावे, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो कोरडा घासणार नाही. काही आधुनिक इंजिनांत पी.टी.एफ.ई. या पदार्थाच्या ओठाचे सील असते. ते कोरडेच बसवावयाचे असते आणि त्याच्या ओठाला बोटही लावू नये, अशी सूचना वेष्टनावर असते. ती अवश्य पाळावी.

शाफ्टच्या टोकावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सील त्यावरून सरकवावे. मग सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या नळीचा तुकडा किंवा सपाट लाकूड ठेवून, समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने हलके ठोके देऊन ते सरळ आत न्यावे. नोंदवून ठेवलेल्या खोलीपर्यंत ते पोचले, की सर्व बाजूंनी अंतर सारखे आहे याची खात्री करावी.

इंजिनात योग्य पातळीपर्यंत तेल घालून ते प्रथम मंद गतीने दहा-पंधरा मिनिटे चालवावे, बंद करावे आणि पाहावे. बसविताना लावलेल्या तेलाचा किंचित ओलावा प्रारंभी दिसू शकतो. तो पुसावा व पुन्हा चालवून पाहावे. दुसऱ्या वेळी जागा कोरडी राहिली, तर काम यशस्वी झाले असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतरही पहिले काही दिवस रोज सकाळी तेलपट्टी पाहावी.

मळके तेल व चिंध्या

वापरलेले इंजिन तेल त्वचेला अपायकारक असते. दीर्घकाळ संपर्क येत राहिल्यास त्वचेचे गंभीर विकार संभवतात. म्हणून रबरी हातमोजे वापरावेत आणि तेलात भिजलेले कपडे अंगावर ठेवू नयेत. डिझेलने धुताना जवळ विडी, चूल किंवा ठिणगी असू नये आणि जागा हवेशीर असावी. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरापासून व गंजीपासून दूर ठेवाव्यात.

मळके तेल ओहोळात, विहिरीकाठी किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. केंद्र शासनाच्या 2016च्या घातक कचराविषयक नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोचेल अशी व्यवस्था करावी. गावातील अनेक यंत्रांचे तेल एकत्र साठविल्यास हे सोयीचे होते. ग्रामपंचायत आणि शेतकरी संस्था यांनी यात पुढाकार घेतल्यास गावाचे पाणी सुरक्षित राहील.

हंगामापूर्वीची निगा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान थाटले, 1910 मध्ये किर्लोस्करवाडीची उभारणी झाली आणि 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. मराठी मुलखात यंत्र शेतापर्यंत कसे पोचले, याचा हा एक धागा आहे. यंत्र पोचले, परंतु त्याची निगा राखण्याची शिस्त प्रत्येक गावाला स्वतःच रुजवावी लागते.

या कामी शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल. परीघ, वेग, घर्षण आणि तेलाचा थर हे विषय पाठ्यपुस्तकात असतातच. शाळेजवळच्या एखाद्या इंजिनाच्या शाफ्टचा व्यास मोजून, दिवसभरात तो किती किलोमीटर फिरतो याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास विज्ञान आणि शेती यांची सांगड सहज पडेल. विस्तार अधिकाऱ्यांनीही मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, गावातील यंत्रांची तपासणी करण्याचा आग्रह धरावा. सील बदलावयाचे असेल, तर ते त्या निवांत दिवसांत बदलावे. चिखलात उभ्या असलेल्या यंत्राखाली, भर पावसात, ताडपत्री धरून केलेली दुरुस्ती स्वच्छ होणे कठीण असते.

शेतकरी बांधवांनी दुरुस्तीच्या वेळी स्वतः हजर राहावे. पृष्ठभाग पुसला की नाही, शाफ्टवर नख फिरवून पाहिले की नाही आणि ब्रीदर साफ झाला की नाही, हे तीन प्रश्न मिस्त्रीला अवश्य विचारावेत. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याला ग्राहक जाणकार असल्याचे समाधानच वाटते. एका कोऱ्या कापडाने घेतलेली ही काळजी ऐन चिखलणीचे दिवस वाचविते, आणि भातशेतीत त्या दिवसांची किंमत कोणत्याही सुट्या भागापेक्षा अधिक असते.